दहा लाख सूर्य आणि घराचा उंबरठा

मार्व्हल कॉमिक्समधल्या सेंट्रीची ओळख करून देताना एक वाक्य हटकून वापरले जाते: त्याच्या अंगी दहा लाख स्फोटक सूर्यांची शक्ती आहे. तेच कॉमिक्स आपल्याला असेही सांगते की रॉबर्ट ऊर्फ बॉब रेनॉल्ड्स असे मूळ नाव असलेल्या या माणसाला कित्येकदा घराबाहेर पाऊल टाकण्याचे धैर्य होत नाही, आपण जे पाहिले ते खरोखर घडले की आपल्या मनानेच रचले याची त्याला खात्री नसते, आणि व्हॉइड नावाच्या ज्या काळोख्या शत्रूपासून तो जगाला वाचवत असतो तो शत्रू त्याच्याच अंतरंगातून उगवलेला असतो. मी अनेक वर्षे या पात्राच्या कथा वाचत आले आहे. त्यांतल्या बऱ्याच कथांनी मला निराश केले, काहींनी रागही आणला, आणि तरीही नवी कथा आली की मी ती वाचल्याशिवाय राहत नाही. इतकी ओढ लावणारे पात्र इतक्या वेळा का फसते, हा प्रश्न माझ्या मनात दीर्घकाळ घोळत राहिला आहे.

सेंट्रीची पहिली, पाच अंकांची मालिका २००० साली आली. लेखक होते पॉल जेन्किन्स आणि चित्रकार जे ली. मालिका येण्यापूर्वी मार्व्हलने एक विलक्षण बनाव रचला. मार्व्हलचे प्रख्यात लेखक-संपादक स्टॅन ली यांनी ‘फॅन्टास्टिक फोर’ या नायकचौकडीच्याही आधी, म्हणजे १९६१पूर्वी, आर्टी रोझेन नावाच्या चित्रकाराबरोबर एक नायक निर्माण केला होता, तो पुढे विस्मरणात गेला आणि आता त्याची जुनी रेखाटने सापडली आहेत, अशी ती हकिकत होती. ‘विझर्ड’ या त्या काळच्या प्रसिद्ध मासिकाने या बनावाला साथ दिली आणि स्वतः स्टॅन लीही त्यात सामील झाले. वस्तुतः आर्टी रोझेन नावाचा चित्रकार कधी नव्हताच; आर्टी सिमेक आणि सॅम रोझेन या मार्व्हलच्या दोन जुन्या अक्षरलेखकांची नावे जोडून ते नाव तयार केले होते. याकडे केवळ जाहिरातीची क्लृप्ती म्हणून पाहता येईल, परंतु मला ती कथेचाच पहिला अध्याय वाटते. आपण हा नायक कधीतरी पाहिला होता का, असा संभ्रम वाचकाच्या मनात आधी निर्माण झाला, आणि मग कथेतला नायकही त्याच संभ्रमात जागा झाला.

ती जाग फार सुंदर लिहिली आहे. वादळी रात्री एक मध्यमवयीन, सुटलेल्या अंगाचा, गबाळा माणूस उठतो आणि त्याला आठवते की आपण एकेकाळी जगातला सर्वांत शक्तिमान नायक होतो. त्याच्या पत्नीला, लिंडीला, यातले काहीच ठाऊक नाही. बाहेरच्या वादळात त्याला व्हॉइडची चाहूल लागते. मग तो एकेका जुन्या मित्राच्या दारात जातो, आणि त्या प्रत्येकाच्या आठवणीतून सेंट्री पूर्णपणे पुसला गेलेला असतो. वाचक म्हणून आपल्यापुढे दोन शक्यता सारख्याच वजनाने उभ्या राहतात: हा माणूस खरे बोलतो आहे, किंवा हा माणूस आजारी आहे. जे ली यांची चित्रे या दोन शक्यतांना एकमेकींपासून वेगळे होऊ देत नाहीत. चेहरे अर्धे सावलीत बुडालेले, शरीरे ताणलेली, आणि त्यांच्यामध्येच साठीच्या दशकातल्या कॉमिक्सच्या धर्तीवर काढलेली निरागस, भडक रंगांची पाने, ज्यांत सोनेरी पोशाखातला सेंट्री हसतमुखाने दुष्टांचा बंदोबस्त करतो आहे. एका माणसाच्या मनातला भूतकाळ आणि त्याचे आजचे घर यांतले अंतर चित्रशैलीतून इतक्या स्पष्टपणे दाखवलेले मी फार थोड्या कॉमिक्समध्ये पाहिले आहे.

हळूहळू इतरांनाही आठवू लागते, आणि आपल्याला कळते की त्या विस्मरणामुळे प्रत्येकाचे काहीतरी हरवले होते. ‘फॅन्टास्टिक फोर’मधल्या रीड रिचर्ड्सने आपला जिवलग मित्र गमावला होता. हल्कला ज्या एका माणसाच्या सहवासात शांतता लाभत असे, तो माणूसच त्याच्या स्मृतीतून नाहीसा झाला होता. पीटर पार्करला, म्हणजे स्पायडरमॅनला, सेंट्रीच्या छायाचित्रासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते, आणि त्यालाच ते आठवत नव्हते. शेवटी उलगडा होतो तो असा की सेंट्री आणि व्हॉइड एकच आहेत, आणि हे कळल्यावर बॉबच्या संमतीनेच साऱ्या जगाच्या स्मृतीतून त्याला पुसण्यात आले होते, कारण बॉबला सेंट्रीचा विसर पडला तरच व्हॉइडही झोपी जाणार होता. मालिकेच्या अखेरीस तो पुन्हा तेच स्वीकारतो. पुन्हा सर्व जण त्याला विसरतात आणि तोही स्वतःला विसरतो.

या शेवटाने मला आजवर सोडलेले नाही. सुपरहिरोंच्या कथेत त्याग म्हणजे बहुधा मृत्यू असतो, आणि मृत्यूबरोबर स्मारक येते, शोकसभा येते, मित्रांची भाषणे येतात. येथे ज्याचा त्याग होतो ती स्वतःची सर्वोत्तम प्रतिमा आहे. शिवाय हा त्याग कोणालाही ठाऊक असणार नाही, त्यागणाऱ्यालासुद्धा नाही. मनाच्या आजाराशी झगडणाऱ्या माणसाला कधीकधी असे काहीतरी सोडावे लागते, ज्यात त्याच्या झगमगत्या दिवसांचाही समावेश असतो, कारण ते दिवस आणि ती भयानक रात्र एकाच मुळातून आलेली असतात. ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात वाचून जितकी कळते त्याहून किती तरी अधिक ती या रंगीत पानांवरून मला कळली, असे मी पूर्ण गांभीर्याने म्हणते.

सुपरहिरो या कल्पनेच्या मुळाशी एक साधे स्वप्न आहे. दुबळ्या, दुर्लक्षित माणसाला अचानक शक्ती मिळते आणि त्याची सारी अडचण दूर होते. १९४०मध्ये अवतरलेला बिली बॅटसन हा अनाथ मुलगा एक जादूचा शब्द उच्चारतो आणि कॅप्टन मार्व्हल (नाव तसे असले तरी मूळचा मार्व्हल कॉमिक्सचा नव्हे) होतो; त्या एका शब्दात हे सारे स्वप्न सामावलेले आहे. सेंट्रीची कथा या स्वप्नाला आतून प्रश्न विचारते. बॉबला शक्ती मिळते ती एका रासायनिक द्रव्यातून, आणि त्याच द्रव्यातून व्हॉइडही येतो. पुढच्या कथांत असेही दाखवले गेले की सेंट्री जितके भले करील तितकेच वाईट व्हॉइड करतो, म्हणजे या माणसाच्या प्रत्येक सत्कृत्यामागे त्याच मापाचे एक दुष्कृत्य उभे असते. ज्याने कधी आपल्या यशाच्या दुसऱ्याच दिवशी विनाकारण अपराधी वाटून घेतले असेल, त्याला हा हिशेब परका वाटणार नाही. बॉब पर्वत उचलू शकतो, पण त्या द्रव्याने त्याच्या मनातली भीती तसूभरही कमी केली नाही. त्याच्या भीतीपुढे त्याची शक्ती निरुपयोगी ठरते, आणि शक्ती जितकी अफाट तितकी ती निरुपयोगिता ठळक होत जाते. म्हणूनच त्याला इतके बलाढ्य असणे आवश्यक होते. मध्यम ताकदीचा सेंट्री या कथेच्या कामाचा नव्हता.

अतिबलाढ्य नायक कंटाळवाणा असतो, त्याला कोणी हरवू शकत नसल्यामुळे कथेत उत्कंठा उरत नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. १९३८ साली जन्मलेला सुपरमॅन सुरुवातीला उडतसुद्धा नसे. तो उंच उड्या मारत असे. पुढे वर्षांगणिक त्याच्या शक्ती वाढत गेल्या आणि त्यांना आवर घालण्यासाठी लेखकांना काहीतरी शोधावे लागले. क्रिप्टोनाइट १९४३मध्ये आधी रेडिओवरच्या मालिकेत आले आणि १९४९मध्ये कॉमिक्समध्ये पोहोचले. १९८६मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्याने मांडताना त्याची ताकद जाणीवपूर्वक कमी केली. म्हणजे प्रत्येक अतिबलाढ्य नायकाला एक लगाम लागतो, ही या प्रकारच्या लेखनातली व्यावहारिक गरज आहे. सुपरमॅनचा लगाम हा एक हिरवा दगड आहे. तो दगड दूर फेकला की सुपरमॅन पुन्हा धडधाकट होतो आणि त्यामुळे कोणाचेही मन दुखावत नाही.

सेंट्रीच्या बाबतीत लगाम म्हणून त्याचा आजारच वापरला गेला. माझ्या मते या पात्राचे सारे दुर्दैव या एका निर्णयात आहे, आणि तो निर्णय कोणी एकाने बसून घेतलेला नसावा. मासिक अंकांच्या गरजेतून तो आपोआप घडत गेला. २००५च्या सुमारास ब्रायन मायकेल बेंडिस यांनी त्याला ‘न्यू अॅव्हेंजर्स’ या नायकसंघाच्या मालिकेत आणले. तेथे तो आपण पत्नीचा खून केला आहे असे मानून स्वतःहून तुरुंगात बसलेला आढळतो, आणि पत्नी तर जिवंत असते. सुरुवात चांगली होती. त्याच कथानकात इतरांची मने वाचू शकणारी एमा फ्रॉस्ट त्याच्या मनात शिरून गुंता सोडवू पाहते, आणि कॉमिक्स लिहिणारा पॉल जेन्किन्स हा स्वतः एक पात्र म्हणून अवतरतो, हेही मला आवडले होते. पण सेंट्री आता संघाचा सभासद झाला होता, आणि येथून अडचण सुरू झाली. संघात कॅप्टन अमेरिका आहे, स्पायडरमॅन आहे, ल्यूक केज आहे. त्यांच्या शेजारी दहा लाख सूर्यांची शक्ती असलेला माणूस उभा असेल तर कोणत्याही खलनायकाची लढाई दोन पानांत संपायला हवी. ती संपू नये म्हणून त्या माणसाने ऐन वेळी गोंधळायला हवे, रडायला हवे, घरी बसायला हवे, किंवा दिसेनासे व्हायला हवे.

आणि तसेच होत राहिले. कथेला सेंट्री नको असेल त्या महिन्यात त्याला भीतीचा झटका येई. कथेला धक्का हवा असेल त्या महिन्यात तो येऊन कोणाचे तरी दोन तुकडे करून जाई. कार्नेज या खलनायकाला त्याने अवकाशात नेऊन फाडले तेव्हा ते दृश्य थरारक होते, कारण तोवर या माणसात इतकी हिंसा आहे याची कोणाला कल्पना नव्हती. परंतु त्यानंतर लेखकांना ही एक सोय सापडली. आजार आणि सामर्थ्य ही एका यंत्राची दोन बटणे झाली. कोणते बटण केव्हा दाबायचे हे बॉबच्या मनःस्थितीवरून ठरायला हवे होते, ते कथानकाच्या सोयीवरून ठरू लागले. वाचकाला हे कळते. एखाद्या पात्राची भीती खरी आहे की लेखकाने वेळ काढण्यासाठी तिला बोलावले आहे, यातला फरक वाचकाला दुसऱ्या-तिसऱ्या वेळी नक्कीच जाणवतो, आणि एकदा जाणवला की मग त्या भीतीविषयीची सहानुभूतीच आटू लागते.

याचा सर्वांत वाईट परिणाम असा की बॉब बरा होऊ शकत नाही. त्याला बरे होऊ दिले तर लगाम तुटेल, आणि लगाम तुटला तर त्या जगात कोणतीच लढाई शिल्लक राहणार नाही. म्हणून त्याच्यावर उपचार सुरू झाले की ते फसलेच पाहिजेत, कोणी प्रेमाने जवळ आले की त्याने दगा दिलाच पाहिजे, आणि चार अंक बरे गेले की पाचव्या अंकात व्हॉइड परतलाच पाहिजे. कायमच्या आजाराची कथा लिहिण्यात काही गैर नाही. पुष्कळ आजार जन्मभर सोबत राहतात आणि त्यांच्यासह जगण्याची कथा फार मोलाची असते. पण येथे आजार टिकतो तो आजाराच्या स्वभावामुळे नव्हे. तो टिकतो कारण प्रकाशनाच्या वेळापत्रकाला तो हवा आहे. हे मला क्रूर वाटते, आणि पात्र काल्पनिक असले म्हणून ते कमी क्रूर ठरत नाही, कारण वाचणारी माणसे खरी असतात.

२००७च्या ‘वर्ल्ड वॉर हल्क’मध्ये मात्र हाच लगाम एका लेखकाने विचारपूर्वक वापरला. संतापलेला हल्क मॅनहॅटनवर चालून येतो, एकेका नायकाला चिरडतो, आणि त्याला आवरू शकणारा एकमेव माणूस घरात दूरचित्रवाणीसमोर बसलेला असतो. सारे जग त्याची वाट पाहत असते आणि तो उठू शकत नाही. ग्रेग पाक यांच्या लेखनात आणि जॉन रोमिता ज्युनियर यांच्या चित्रांत ती अडवणूक खोटी वाटत नाही, कारण बॉबचे भय येथे लढाईचे नाहीच. आपण एकदा सुटलो तर आपल्यालाच आपण आवरू शकणार नाही, हे त्याचे भय आहे, आणि ते सर्वथा रास्त आहे. अखेर तो बाहेर पडतो तेव्हा नेमके तेच होते. दोघे एकमेकांवर तुटून पडतात, आसपासचे शहर उद्ध्वस्त होते, आणि शेवटी दोघांची शक्ती ओसरून दोन थकलेली सामान्य माणसे समोरासमोर उरतात. हल्क आणि सेंट्री यांची जुनी मैत्री आठवत असेल तर हे दृश्य वाचताना घसा दाटून येतो.

येथे एक खासगी गोष्ट सांगावीशी वाटते. माझ्या अगदी जवळच्या एका व्यक्तीला बराच काळ घराबाहेर पडणे अशक्य झाले होते. बाहेर काही संकट होते असे नाही. दाराशी गेले की श्वास अडे, हातपाय गार पडत, आणि परत फिरल्यावर स्वतःची इतकी लाज वाटे की पुढचा प्रयत्न आणखी अवघड होई. भोवतालचे लोक म्हणत, मनावर घेतले तर काय अवघड आहे. बॉबलाही कॉमिक्समधले नायक तेच सांगतात, निराळ्या शब्दांत, आणि त्या पानांवर मला नेहमी थांबावे लागते. ज्याच्याकडे सर्व सामर्थ्य आहे त्यालाही दार ओलांडता येत नाही, हे चित्र पाहून त्या व्यक्तीला मोठा दिलासा मिळाला होता. आपण दुबळे आहोत म्हणून हे होत नाही, एवढे तरी त्या चित्राने पटवून दिले. सेंट्रीविषयी मी इतक्या कळकळीने लिहिते त्यामागे हेही कारण आहे.

म्हणूनच २०१०च्या ‘सीज’ या मालिकेने मला दुखावले. तोवर स्पायडरमॅनचा जुना शत्रू नॉर्मन ऑस्बॉर्न याने, जो स्वतः मनाने ढासळलेला आहे, बॉबला गोंजारत आणि धमकावत आपल्या हाताशी धरले होते. आजारी माणसाला सत्ताधारी कसा वापरून घेतो, याची ही कथा होऊ शकली असती, आणि ‘डार्क अॅव्हेंजर्स’मध्ये तिची काही चांगली पाने आहेतही. पण ‘सीज’मध्ये त्या साऱ्याचा शेवट एका राक्षसात झाला. सेंट्री युद्धदेव एरीजला फाडतो, देवांची नगरी अॅसगार्ड उद्ध्वस्त करतो, लोकीला मारतो. मग क्षणभर बॉब भानावर येतो आणि आपल्याला मारून टाका अशी विनवणी करतो. थॉर आधी नकार देतो, व्हॉइड पुन्हा उसळल्यावर त्याला मारतो आणि त्याचे शव सूर्यात नेऊन टाकतो. थॉरचे दुःख चित्रांत खरे उतरले आहे, हे मी मान्य करते. तरीही या शेवटाचा अर्थ काय होतो ते पाहावे लागते. मनाने आजारी असलेला माणूस हा फुटायचा राहिलेला स्फोट आहे, आणि त्याच्यासाठी व आपल्यासाठी सर्वांत दयेची गोष्ट म्हणजे त्याचा मृत्यू, असा तो अर्थ होतो. आजारी माणूस स्वतःच ती मागणी करतो, म्हणून तो अर्थ अधिकच भयंकर होतो.

वास्तव याच्या नेमके उलट आहे. गंभीर मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात. इतरांकडून त्यांच्यावरच हिंसा होण्याचा धोका अधिक असतो. शिवाय बॉबला नेमके काय झाले आहे याबाबत कॉमिक्सने कधीच काळजी घेतली नाही. कुठे त्याला खुल्या जागेची भीती आहे, कुठे स्किझोफ्रेनिया, कुठे दुभंगलेले व्यक्तिमत्त्व, कुठे व्यसनाधीनता, आणि बऱ्याचदा हे सारे एकत्र. स्किझोफ्रेनिया आणि दुभंगलेले व्यक्तिमत्त्व यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण लोकप्रिय कथांनी ती गल्लत इतकी रूढ केली आहे की आता ती दुरुस्त करणेही अवघड झाले आहे. प्रत्येक कॉमिक्स लेखकाने मनोविकारतज्ज्ञ व्हावे अशी माझी अपेक्षा नाही. पहिल्या मालिकेत जेन्किन्स यांनी निदानाच्या भानगडीत न पडता केवळ अनुभव लिहिला होता, आणि तो अचूक होता. नावे लावायला सुरुवात झाली तेव्हा अनुभव मागे पडला.

सेंट्री या बाबतीत एकटा नाही. १९८०मध्ये ‘एक्स-मेन’मधल्या जीन ग्रेने फिनिक्सच्या रूपात एक तारा गिळला, त्यात अब्जावधी जीव गेले, आणि संपादक जिम शूटर यांच्या आग्रहामुळे तिला त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली. पण माझ्या दृष्टीने अधिक उद्बोधक तुलना आहे ती लीजनची, म्हणजे ‘एक्स-मेन’चा संस्थापक चार्ल्स झेव्हियर याचा मुलगा डेव्हिड हॅलर याची. ख्रिस क्लेअरमाँट आणि बिल सिएनकेविच यांनी १९८५मध्ये निर्माण केलेल्या या पात्राच्या मनात अनेक व्यक्तिमत्त्वे आहेत आणि प्रत्येकाची शक्ती निराळी. अनेक वर्षे त्यालाही केवळ एक चालते-बोलते अरिष्ट म्हणून वापरले गेले. मग २०१२ ते २०१४ या काळात सायमन स्पूरिअर यांनी ‘एक्स-मेन लेगसी’च्या चोवीस अंकांत त्याला नायक केले. तेथे डेव्हिडचे मन हा एक तुरुंग आहे आणि प्रत्येक शक्ती हा त्यातला एक कैदी. शक्ती वापरायची तर त्या कैद्याशी सामना करावा लागतो, त्याला ओळखावे लागते. ‘माझ्यावर माझीच सत्ता’ या अर्थाचे एक घोषवाक्य तो स्वतःला पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो. या रचनेत डेव्हिडच्या मनाची अवस्था आणि कथेची गती एकाच धाग्यात ओवलेली आहे, त्यामुळे सोयीनुसार बटण दाबायला जागाच राहत नाही. तो बलाढ्य होतो तेव्हा त्यामागे त्याने केलेले आतले काम असते, आणि तो कोसळतो तेव्हाही त्याचे कारण आपल्याला ठाऊक असते.

स्पूरिअर यांनी जे साधले त्याच्या जवळ सेंट्री एकदा पोहोचला होता, जेफ लेमायर यांच्या २०१८च्या पाच अंकांत. या कथेत, ‘सीज’मधल्या मृत्यूनंतर पुन्हा जिवंत झालेला बॉब एका साध्या खानावळीत स्वयंपाकी म्हणून काम करतो. टोनी स्टार्कने त्याला एक यंत्र करून दिले आहे. त्याच्या आधारे बॉब रोज एकदा आपल्या मनातल्या जगात जाऊन सेंट्री होतो, व्हॉइडशी झुंजतो आणि पुन्हा आपल्या छोट्या आयुष्यात परत येतो. रोज ठरावीक वेळी घ्यायच्या औषधासारखे ते आहे, आणि अशा औषधावर जगणाऱ्या माणसाला त्या औषधाविषयी जे जे वाटते ते सारे बॉबलाही वाटते: कृतज्ञता, चीड, आपण याच्याशिवाय कोण असतो हे कुतूहल, आणि एखाद्या दिवशी ते टाळून पाहण्याचा मोह. पहिल्या दोन अंकांत लढाई जवळजवळ नाही. आहे तो तव्यासमोर उभा असलेला एक माणूस, ज्याला आपण देव होतो हे आठवते आणि तरीही उद्या वेळेवर कामावर जायचे आहे. ही पाने मला पहिल्या मालिकेच्या तोडीची वाटतात. अखेरीस ते यंत्र टिकत नाही आणि सेंट्री व व्हॉइड एकत्र येतात. त्या एकत्र येण्याकडे विजय म्हणून पाहावे की अरिष्ट म्हणून, हे लेमायर खुले ठेवतात. पुढच्या लेखकासाठी याहून चांगली सुरुवात असू शकत नव्हती. प्रत्यक्षात २०२०च्या ‘किंग इन ब्लॅक’च्या पहिल्याच अंकात नल या नव्या खलनायकाने सेंट्रीचे दोन तुकडे केले, म्हणजे त्याने कार्नेजचे केले होते तसेच. नल किती भयंकर आहे हे वाचकाला झटपट कळावे, एवढ्यासाठी बॉबचा मृत्यू खर्ची पडला. त्या पानाचा मला आजही राग येतो.

२०२५मध्ये ‘थंडरबोल्ट्स’ या चित्रपटात ल्युईस पुलमन यांनी साकारलेला बॉब पाहायला मी काहीशा धास्तीनेच गेले होते. ती धास्ती बऱ्याच अंशी निराधार ठरली. व्हॉइड येथे माणसांना सावल्यांत बदलून त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत लाजिरवाण्या, दुखऱ्या आठवणींच्या खोल्यांत कोंडतो. बॉब त्याच्यावर तुटून पडतो, ठोसे मारत राहतो, आणि जितके ठोसे मारतो तितका तो स्वतःच त्या काळोखात ओढला जातो. मग त्याचे सोबती येऊन त्याला घट्ट धरून ठेवतात. त्यांच्यातल्या कोणाकडेही त्याच्या पासंगालाही पुरेल इतके बळ नाही, आणि त्या क्षणी बळाचा काही उपयोगही नसतो. आत्मद्वेषाने झगडणारा माणूस त्या झगड्यातून जिंकत नाही, त्या झगड्यावरच आजार पोसला जातो, ही गोष्ट मारधाडीच्या चित्रपटाने एवढ्या नेमकेपणाने दाखवावी याचे मला फार समाधान वाटले. ‘सीज’मध्ये बॉबच्या विनवणीला उत्तर म्हणून वीज कोसळली होती, येथे मिठी मिळाली.

पण चित्रपटाच्या शेवटाशी जुनी अडचण पुन्हा डोके वर काढते. बॉब आता संघात आहे, सुरक्षित आहे, त्याला माणसे लाभली आहेत, आणि तरी तो सेंट्री होऊ शकत नाही, कारण सेंट्री आला की व्हॉइडही येणार. म्हणजे लगाम जागेवरच आहे. पुढच्या चित्रपटात एखादा महाबली शत्रू येईल तेव्हा लेखकांपुढे तेच दोन सोपे मार्ग असतील: बॉबला घरी बसवायचे, किंवा त्याला भडकू द्यायचे आणि नंतर आवरायचे. तिसरा मार्ग अवघड आहे, आणि मला तोच पाहायचा आहे. त्या कथेत बॉबची तब्येत हळूहळू, अडखळत, पण खरोखर सुधारू द्यावी लागेल. त्याच्या हाती शक्ती असताना त्याने ती कुठे वापरायची आणि कुठे नाही हा निर्णय त्याच्याकडे द्यावा लागेल. आणि मग उत्कंठा लढाईच्या निकालात शोधता येणार नाही, ती त्या निर्णयात शोधावी लागेल. जगाच्या एका टोकाला धरण फुटते आहे आणि दुसऱ्या टोकाला इमारत कोसळते आहे, तर शुद्धीवर असलेल्या, औषध घेत असलेल्या, रात्री नीट झोपलेल्या माणसाने आधी कुठे जावे, आणि जिथे तो पोहोचला नाही तिथल्या मृतांचे ओझे त्याने व्हॉइडला जागे न करता कसे वाहावे? पंचवीस वर्षे झाली, हा प्रश्न या पात्राच्या आसपासच फिरतो आहे, आणि त्याला सरळ भिडणाऱ्या लेखकाची वाट पाहायला मी अजूनही तयार आहे.